माळवदाखालची घरं

परभणीहून मनमाडच्या दिशेने निघालं की मानवत रोडच्या अलीकडे पेडगाव लागतं. ‘वेड पांघरून’ ज्या पेडगावाला जातात ते श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं. हे परभणी तालुक्यातलं पेडगाव वेगळं. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, या भागातून मनमाड–सिकंदराबाद रेल्वे गेली. पेडगावसारखी गावं असोत की सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, जिंतूर या बाजारपेठा असोत, नाहीतर खुद्द परभणीतल्या जुन्या गल्ल्या असोत, या पट्ट्यातलं जुनं घर ओळखायला वेळ लागत नाही. काळ्या दगडाच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर मातीचं सपाट माळवद. श्रीमंताच्या वाड्याला देवडी, दगडी चौक, चारही बाजूंनी ओसरी, भिंतीत दडवलेलं धान्याचं बळद आणि जमिनीखाली पेव. गरिबाला दोन-तीन खणांचं घर आणि पुढे अंगण. मोठेपण वेगळं, पण बांधणी एकच.

जुन्या घरांचं जतन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुणे, नाशिक, पैठण किंवा पणजीचं फोंतेन्यास येतं. तिथल्या नक्षीदार खिडक्यांवर, रंगवलेल्या सज्जांवर पुस्तकं निघाली आहेत. मराठवाड्यातलं माळवदी घर दर्शनी बाजूला काहीच मिरवत नाही. रस्त्याकडे बहुधा उघडीबोडकी दगडी भिंत आणि एक दरवाजा. त्याचं सगळं शहाणपण छतात आहे आणि त्याच्या नाशाचं कारणही छतातच आहे. म्हणून या घरांच्या जतनाची सुरुवात दरवाज्याच्या नक्षीपासून करून भागत नाही. शिडी लावून वर चढावं लागतं.

माळवद कसं होतं ते पाहू. दगडी तळखड्यावर खांब उभा करतात, खांबाच्या माथ्यावर आडवी तुळई, तुळईवर जवळजवळ टाकलेल्या कड्या. कड्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा ढलप्या. त्यावर पाल्याचा, काटक्यांचा थर, म्हणजे वरची माती फटींतून गळत नाही. मग चिखल, आणि शेवटी पांढरी माती. ही पांढरी माती शेतातली नव्हे. मराठवाड्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिचं छत पहिल्याच उन्हाळ्यात फाटेल. पांढरी माती येते ती जुन्या गावठाणाच्या टेकाडातून किंवा ढासळलेल्या गढीतून. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती मिसळून ती तयार झालेली असते. ती भेगाळत नाही आणि चोपली की पाणी सहसा आत घेत नाही. गावकरी ती बैलगाड्या भरभरून आणत, आणि त्या खणण्यात सातवाहनकाळातल्या वस्तूही हाती लागत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. त्या संग्रहातूनच तिथलं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. एका छताची डागडुजी होताना दुसरीकडे इतिहासाचा एक थर खणला जात होता, ही गोष्ट जतनाचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

परभणीच्या उन्हाळ्यात पारा सहज 43 अंशांवर जातो. अशा वेळी माळवदाखालच्या माजघरात दुपारी जो गारवा असतो, तो पत्र्याखाली किंवा उघड्या स्लॅबखाली राहणाऱ्याला पंख्यानेही मिळत नाही. जाड माती दिवसभराचं ऊन हळूहळू पिते आणि ते आत उतरेपर्यंत संध्याकाळ होते. रात्री घरातली मंडळी माळवदावर झोपतात. वाळवणं, पापड, कुरडया, ज्वारी, तूर सगळं तिथेच. शेजारची माळवदं एकमेकांना लागून असल्याने बायका या घरातून त्या घरात रस्त्यावर न उतरता जात. गल्लीतली घरं वेगवेगळ्या मालकांची असली तरी वरून पाहिलं तर ती गल्ली एकच अंगण असे.

या छताला दरवर्षी हात लागतो. मृगाआधी, रोहिण्यांच्या सुमारास, माळवदावरचं गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या आणि पांढऱ्या मातीचा नवा थर पसरून चोपायचा. घर टिकवणारी हीच सेवा, आणि खरी अडचणही हीच. नवा थर टाकताना जुना थर कुणी काढत नाही. आजोबांनी टाकला, वडिलांनी टाकला, मुलाने टाकला. अर्ध्या शतकात चार बोटांचं छत हातभर जाड होतं.

आता थोडं गणित मांडू. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब अशी मध्यम खोली घेतली तर तिचं छत साधारण चौदा चौरस मीटर भरतं. त्यावर अर्धा मीटर माती असेल तर ती सात घनमीटर. कोरड्या, चोपलेल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं. म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर दहा-अकरा टन. पावसात भिजली की आणखी जास्त. घरात झोपलेल्या माणसाला याची कल्पना नसते, कारण हे ओझं एका दिवसात आलेलं नसतं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारीला जे झालं, ते या गणितामुळे झालं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक घरात झोपले होते. भूकंपाची तीव्रता सहाहून थोडी अधिक होती. जगात एवढ्या धक्क्यात फारशी हानी न झाल्याचीही उदाहरणं आहेत. लातूर आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत मात्र आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांच्यामागे माळवदाची माती आली. बरेच लोक त्या मातीखाली गुदमरले.

त्या रात्रीपासून मराठवाड्यात दगड आणि माळवद या दोन गोष्टींची दहशत बसली. 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते आणि चौकटीचे प्लॉट आखले गेले, आणि गल्ली, पार, चौक मागे राहिले. ज्यांची घरं पडली नव्हती, त्यांनीही माती उतरवून पत्रे घातले. ही भीती समजण्याजोगी आहे. ज्याने घरचं माणूस गमावलं त्याला कुणी वास्तुशास्त्र शिकवू नये. पण भूकंपानंतर अभियंत्यांनी ढिगारे तपासले तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली, आणि ती गावोगाव नीट पोचली नाही. अनेक घरांत बाहेरची दगडी भिंत पडली होती, पण आतला खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा होता. दगड मुळात दोषी नव्हता. भिंत बांधण्याची पद्धत दोषी होती.

जुन्या जाड भिंतीत खरं तर दोन भिंती असतात. बाहेरचा चेहरा एक, आतला चेहरा एक, आणि मधल्या पोकळीत दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव. जुने जाणते गवंडी मधूनमधून एखादा लांब दगड भिंतीच्या आरपार घालत, म्हणजे दोन्ही चेहरे एकमेकांना धरून राहत. पुढे घाई, स्वस्ताई आणि लांब दगडांची टंचाई वाढत गेली तसे हे आरपार दगड कमी झाले. मग मधल्या भरावात पाणी मुरतं, माती बसते, दोन्ही चेहरे एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगते. ‘भिंतीनं पोट काढलंय’ असं गावात म्हणतात. फुगलेली भिंत वर्षानुवर्षं तशीच उभी राहते. धक्का बसला की ती दोन पाळ्यांत उकलते.

याला उपाय आहे, आणि तो महागडा नाही. भिंतीतले काही दगड हलक्या हाताने सोडवून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. असे टाके आडवे-उभे मीटर-मीटरभर अंतरावर घातले की दोन भिंतींची पुन्हा एक भिंत होते. दरवाज्या-खिडक्यांच्या वरून घराला सगळीकडून बांधणारा एक पट्टा फिरवायचा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके टेकू ठोकायचे, म्हणजे सांगाडा डुलत नाही. आणि सगळ्यात आधी, माळवदाची माती उतरवून तिची जाडी 20 सेंटिमीटरच्या आत आणायची. वरच्या उदाहरणातल्या खोलीचं दहा-अकरा टनांचं ओझं एवढ्याने सव्वाचार टनांवर येतं. घराचा गारवा थोडा कमी होतो, पण तो पुष्कळसा टिकतो. भारतीय मानक संस्थेने 1993 सालीच अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठी आणि त्याच्या मजबुतीकरणासाठी मार्गदर्शक मानकं काढली. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात उभ्या घरांच्या मजबुतीकरणाचाही भाग होता. पण बहुतेक लाभार्थ्यांनी जुन्या घराला हात लावण्याऐवजी त्या पैशात शेजारी सिमेंटची नवी खोली बांधली. जुनं घर होतं तसंच, तितकंच जड आणि तितकंच फुगलेलं, मागे राहिलं. एखादं मजबूत केलेलं माळवदी घर गावाच्या मध्यावर उभं करून लोकांना आतबाहेर फिरून बघू दिलं असतं, तर कागदी माहितीपत्रकांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असता, असं मला ठामपणे वाटतं.

परभणीकरांनी हा विषय लातूरचा म्हणून बाजूला ठेवू नये. 2024 साली मार्च महिन्यात आणि पुन्हा जुलै महिन्यात शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. ते परभणी-नांदेडपर्यंत लोकांना जाणवले.

भूकंप मात्र क्वचित येतो. माळवदी घराचा रोजचा शत्रू पाणी आहे. सप्टेंबरात झड लागली की मराठवाड्यात भिंत पडून माणूस दगावल्याची बातमी येते, दरवर्षी येते. पुण्याचे वाडेही पाण्यानेच मारले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे गेले, कारण त्यांचे वरचे मजले लाकडी चौकटीत विटा आणि माती भरून बांधलेले होते. पाणी ओसरलं आणि भिजलेली माती बसली, तसे वाडे बसले.

मराठवाड्यात पाण्याचं नुकसान इतकं एकाएकी होत नाही. ते तुळईच्या टोकाशी सुरू होतं. तुळईचं टोक भिंतीत रोवलेलं असतं. माळवदाची पन्हाळ तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतं आणि नेमकं त्या टोकाशी साचतं. तिथे हवा नाही, ऊन नाही. आधी बुरशी येते, मग वाळवी. खालून पाहणाऱ्याला तुळई धडधाकट दिसते, कारण तिचं मधलं अंग सागवानी आणि कोरडं असतं. टोकाजवळ पेचकस खुपसून पाहावा. तो इंचभर सहज आत गेला तर टोक संपलंय असं समजावं. अशा वेळी पूर्ण तुळई फेकून लोखंडी गर्डर टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुतेक वेळा अनाठायी असतो. छताला टेकू देऊन कुजलेलं हात-दीड हात टोक कापायचं, तेवढाच वाळलेला सागवानी तुकडा तिरक्या सांध्याने जोडून बोल्ट आवळायचे, आणि नवं टोक भिंतीत बसवताना त्याच्या भोवती बोटभर जागा हवेसाठी मोकळी सोडायची. चांगल्या सुताराला हे काम येतं. त्याच्याकडे ते काम घेऊन कुणी जात नाही, एवढंच.

दुसरी चूक सिमेंटची. जुनी भिंत चुन्याची किंवा मातीची असते. ती ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, जमिनीतून वर चढत जाते आणि क्षार घेऊन पृष्ठभागावर येते. भिंतीला लोणा लागतो, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, मालक पुन्हा सिमेंट थापतो. दोन-चार पावसाळ्यांत भिंत खालून पोखरली जाते. चुन्याचं काम याला उत्तर आहे. चुना विरवून मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद असं स्थानिक गवंड्यांच्या परंपरेतलं काही मिसळायचं. जुनी इमारत दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञांनी ही पद्धत पुन्हा वापरात आणली आहे. पुण्यातला विश्रामबागवाडा हे त्याचं ठळक उदाहरण. दुसऱ्या बाजीरावासाठी 1807 च्या सुमारास तो बांधला. 1879 च्या आगीत त्याचा काही भाग जळाला, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि तो पुन्हा उभा केला. अलीकडच्या काळात महापालिकेने त्याच्या लाकडी कामाची आणि दर्शनी भागाची डागडुजी केली.

पण विश्रामबागवाडा महापालिकेच्या ताब्यात आहे. शेजारच्या खासगी वाड्याचं काय करायचं, हा प्रश्न पुण्याला सुटलेला नाही. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटेना. दोघेही इमारत पडण्याची वाट पाहू लागले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने इथे 1954 चा वेगळा हैदराबाद कायदा होता. महाराष्ट्राचा एकच भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. मुंबईने 1995 मध्ये वारसा इमारतींची नियमावली आणली, देशात ती पहिली. वारसा यादीत आल्यामुळे वाढीव बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला त्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळण्याची सोय झाली. अहमदाबादने पोळांमधल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांमधल्या, लाकडी घरांसाठी हाच मार्ग धरला आणि 2017 मध्ये ते भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरलं.

टीडीआरची युक्ती चांगली आहे, पण ती महागड्या जमिनीवरच चालते. परभणीच्या जुन्या गल्लीत किंवा पेडगावच्या गावठाणात तो हक्क विकत घेणार कोण? छोट्या गावाला दुसरा रस्ता हवा, आणि तो इटलीतल्या बोलोन्या शहराने 1973 मध्ये दाखवला. त्या शहराने जुन्या वस्तीतल्या घरांकडे स्मारक म्हणून न पाहता निवारा म्हणून पाहिलं. गरिबांसाठी नवी घरं बांधायला असलेला सार्वजनिक पैसा जुनी घरं दुरुस्त करायला वापरला. घरं ताब्यात घेण्याच्या पहिल्या विचाराला छोट्या मालकांनी विरोध केला, तेव्हा पालिकेने त्यांच्याशी करार केले: दुरुस्तीला मदत आम्ही देतो, जुन्या रहिवाशांना परवडणाऱ्या भाड्यात तुम्ही राहू द्या. घरं वाचली आणि माणसंही तिथेच राहिली.

आपल्याकडे ग्रामीण भागात नेमकं उलट होतं. प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट प्रदेशात घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, ते नव्या पक्क्या घरासाठी. मातीच्या छताचं घर सरकारी व्याख्येत कच्चं ठरतं. म्हणून सागवानी सांगाड्याचं, दगडी भिंतीचं, दुरुस्त होण्याजोगं घर पाडलं जातं आणि त्या जागी 25 चौरस मीटरचं, उन्हात तापणारं घर उभं राहतं. खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. नक्षीदार दरवाजे शहरातल्या हॉटेलांच्या दर्शनी भिंतींवर दिसतात. बेघराला घरकुल मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ज्याचं माळवदी घर अभियंत्याने तपासून दुरुस्तीयोग्य ठरवलं आहे, त्याला तीच रक्कम मजबुतीकरणासाठी घेण्याची मुभा मिळायला हवी. एवढा एक बदल झाला तर वारसा यादीत कधीच न येणारी हजारो घरं वाचतील.

पैशाआधी आणखी एक अडसर आहे, तो कागदाचा. आजोबांच्या नावावरच्या वाड्याला आज दहा-पंधरा वारस असतात. कुणी पुण्यात, कुणी छत्रपती संभाजीनगरात, कुणी परदेशात. वाटणी झालेली नसते; माळवदावर माती कुणी टाकायची हे ठरत नाही, म्हणून कुणीच टाकत नाही. दोन पावसाळे माळवद तसंच राहिलं की गळती, तीन-चार झाले की तुळई, त्यानंतर भिंत. कुलूप लागलेला वाडा राहत्या वाड्यापेक्षा कितीतरी लवकर पडतो, कारण गळती लागली तरी ती पाहायला आत माणूस नसतो. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. तो कागद हाती आला की वारसांनी निदान देखभालीचा लेखी करार करावा; वाटणी नंतर होत राहील.

तुमच्या गावी असं घर असेल तर येत्या रोहिण्यांआधी एकदा जाऊन या. माळवदावर चढण्याआधी खालून तुळया आणि खांब पाहून घ्या, काही झुकलेलं किंवा ताजं तडकलेलं दिसलं तर वर जाऊ नका. वर गेलात तर कडेला मातीची जाडी मोजा. हातभर भरली तर नवी माती टाकू नका, आधी जुनी उतरवा, आणि उतरवताना दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. पन्हाळी साफ करा, तुळयांची टोकं तपासा, भिंत कुठे फुगली आहे तिथे खडूने खूण करा. दगडी बांधकाम समजणारा अभियंता आणि जुना गवंडी या दोघांना एकत्र बोलावून दाखवा. पाडायचं की ठेवायचं, हे त्यानंतर ठरवा.